पिल्लाची लस, जंताचे औषध आणि नंतरचे दोन दिवस

दीड महिन्याचे पिल्लू घरी आले, तर ते चार महिन्यांचे होईपर्यंत त्याच्या अंगात तीन-चार लशी, चार-पाच वेळा जंताचे औषध आणि बहुधा एक-दोनदा गोचिडाचे औषध जाते. एवढ्याशा जिवाला इतक्या थोड्या दिवसांत इतके काही दिले जाते, तेव्हा त्यातल्या एखाद्या वेळी ते मलूल होणार, एखाद्या वेळी उलटी करणार आणि क्वचित कधी खरोखरच अडचणीत येणार, हे पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने आधीच मनाशी धरलेले बरे. गेली बारा वर्षे मी साताऱ्यात, गोडोलीतल्या आमच्या घरी, रस्त्यावर सापडलेली पिल्ले काही आठवडे सांभाळते आणि मग चांगल्या घरी देते. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधांची मात्रा मी येथे कोठेही सांगणार नाही. परंतु पिल्लू नेलेल्या घरांतून रात्री नऊ-दहाच्या सुमारास येणारे फोन मला पाठ झाले आहेत. "आज इंजेक्शन दिलंय आणि तेव्हापासून झोपूनच आहे." "शीतून शेवयांसारखं काहीतरी पडलं." "तोंड सुजलंय." पहिल्याला मी सांगते, झोपू द्या. दुसऱ्याला सांगते, औषध लागू पडले. तिसरा फोन आला की समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी गाडी काढायला सांगते. या तीन फोनांमधला फरक ज्याचा त्याला ओळखता यावा, यासाठी हे लिहीत आहे.

पुढची बहुतेक पथ्ये एकाच नियमातून निघतात, म्हणून तो आधीच सांगते: होता होईल तो एका दिवशी एकच औषध द्यावे आणि दिल्याची वेळ वहीत लिहावी. सकाळी जंताचे औषध, दुपारी लस आणि "आलोच आहोत तर" म्हणून मानेवर गोचिडाचे थेंब, असे एकाच दिवशी झाले आणि रात्री पिल्लाने चार उलट्या केल्या, तर त्या कशामुळे झाल्या हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. मग पुढच्या खेपेला काय टाळायचे हेही कळत नाही आणि बिचाऱ्या लसीचेच नाव खराब होते.

पहिली पायरी : औषधाआधीचे पिल्लू पाहून ठेवा

बिघडलेले पिल्लू ओळखायचे, तर त्याचे नेहमीचे रूप डोळ्यांत बसलेले हवे. पिल्लू आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस, काहीही टोचण्यापूर्वी, चार गोष्टी रोज पाहाव्यात आणि लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वजन. प्रत्येक औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लाचे वजन आठवड्यागणिक वाढते, म्हणून मागच्या महिन्याचे वजन आज चालत नाही. घरी वजनकाटा असेल, तर पिल्लाला कडेवर घेऊन आपले वजन करावे आणि त्यातून आपले एकट्याचे वजा करावे. फार लहान पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत ठेवूनही मोजता येते.

दुसरी गोष्ट हिरड्या, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिल्लाचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच वर करावा, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोटाचे पेर क्षणभर दाबावे आणि सोडावे. दाबलेली जागा पांढरी पडते आणि निरोगी पिल्लात ती दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही पिल्लांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. पिल्लाला या हाताळण्याची सवय लागली, की आणीबाणीच्या वेळी ते झटापट न करता पाहू देते.

तिसरी गोष्ट ताप. कुत्र्याचे शरीर माणसापेक्षा गरम असते. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. हे ठाऊक नसल्यामुळे १०१.५ दिसताच घाबरून माणसाची तापाची गोळी पाजणारी घरे मी पाहिली आहेत. पिल्लासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात फार आत न घालता धरावा आणि आकडा लिहावा. १०३ च्या वर आकडा गेला तर डॉक्टरांना फोन करावा.

चौथी गोष्ट भूक आणि शी: किती वेळा जेवते, शी बांधीव असते की सैल, तिचा रंग काय. याच वहीच्या पहिल्या पानावर जवळच्या दोन पशुवैद्यांचे क्रमांक लिहावेत आणि त्यांच्यापैकी रात्री कोण पाहते हे आधीच विचारून ठेवावे. सातारा, कराड, सांगली, मिरज येथे राहणाऱ्यांना हे फारसे अवघड नाही. जावळी, पाटण किंवा जत, आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांनी मात्र दवाखाना किती वेळाच्या अंतरावर आहे हा हिशेब करूनच लसीचा दिवस आणि वेळ ठरवावी. खंडाळा आणि वाई भागातल्यांना शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडते. तेथील तपासणीच्या वेळाही आधीच विचारून ठेवाव्यात.

दुसरी पायरी : जंत आधी, लस नंतर

"आमचे पिल्लू घराबाहेरच गेले नाही, त्याला जंत कोठून होतील?" हा प्रश्न नेहमी येतो. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि गर्भातच पिल्लात शिरतात. आकडी जंत दुधावाटे येतात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच बहुधा जंत घेऊन. म्हणूनच पहिले औषध दोन आठवड्यांच्या वयात, मग दर दोन आठवड्यांनी दोन महिन्यांचे होईपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, असा क्रम सांगितला जातो. एकदा देऊन भागत नाही, कारण नेहमीची औषधे प्रामुख्याने आतड्यातल्या जंतांवर चालतात. शरीरात फिरणाऱ्या अळ्या काही दिवसांनी आतड्यात उतरून पुन्हा वाढतात. दुसऱ्यांदा औषध दिल्यावरही जंत पडले, म्हणजे पहिले औषध बनावट होते असे समजू नये.

लसीच्या साधारण आठवडाभर आधी जंताचे औषध झालेले असावे. पोटात जंतांचा भार असलेले, त्यांच्यामुळे अशक्त झालेले पिल्लू लसीला हवे तसे उत्तर देईलच असे नाही, आणि आकडी जंतांनी रक्त शोषल्यामुळे हिरड्या आधीच फिकट असतील, तर लसीनंतरचा फिकटपणा ओळखायचा कसा? बामणोलीसारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्यांना दोन खेपा जमत नाहीत, तेव्हा डॉक्टर कधीकधी दोन्ही एकाच दिवशी देतात. त्यात सहसा धोका नसतो. फक्त दोन्हींच्या वेळा लिहाव्यात आणि त्या दिवशी लक्ष अधिक ठेवावे.

औषध पाजताना पिल्लाचे डोके मागे वाकवून घशात ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सुई काढलेली सिरिंज गालाच्या कडेने आत घालून थोडे थोडे सोडावे, पिल्लू गिळते आहे ना ते पाहावे. गोळीत प्राझिक्वांटेल असेल तर ती कडू असते, त्यामुळे पिल्लू तोंड वेडेवाकडे करते, भरपूर लाळ गाळते, कधी तोंडाला फेसही येतो. हा फेस विषबाधेचा नसून चवीचा असतो आणि थोड्या वेळात थांबतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी होऊन औषध बाहेर पडल्यासारखे दिसले, तर मनाने दुसरा डोस देऊ नये. किती पोटात राहिले हे आपल्याला कळत नसते. डॉक्टरांना विचारावे.

त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत एक-दोन सैल शी, एखादी उलटी, थोडी सुस्ती हे चालण्यासारखे आहे. शीत काय दिसते ते न किळसता पाहावे. गोल जंत मळकट पांढरे, बोटभर लांबीचे आणि टोकांना स्प्रिंगसारखे वळलेले असतात. काही वेळा ते जिवंत, वळवळणारे पडतात आणि घरातली माणसे हादरून जातात. पट्टकृमीचे तुकडे काकडीच्या बीसारखे, वाळले की तांदळाच्या दाण्यासारखे शेपटीखालच्या केसांना चिकटलेले दिसतात. ते दिसले तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हा जंत पिसवांमधून येतो, त्यामुळे पिसवा गेल्याशिवाय तो कायमचा जात नाही. आकडी जंत इतके बारीक असतात की ते सहसा डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांची खूण म्हणजे काळपट, डांबरासारखी शी आणि फिकट हिरड्या.

पोट ढोलासारखे फुगलेले, बरगड्या मात्र मोजता येतील अशी उपासमारीची पिल्ले मला दरवर्षी मिळतात. त्यांना घरी मनाने औषध देऊ नये. पुष्कळ जंत एकदम मेले तर त्यांचा गुंता आतड्यात अडकू शकतो. अशा पिल्लाला डॉक्टर आधी तपासतात आणि प्रसंगी सावकाश काम करणारे औषध निवडतात. औषध दिल्यानंतर पोट टणक झाले, उलट्या थांबेनात, शी होईना किंवा पिल्लू उभे राहीना, तर सकाळची वाट पाहू नये.

शी लगेच उचलून खोल पुरावी किंवा बांधून कचऱ्यात टाकावी आणि हात साबणाने धुवावेत. गोल जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेली तर त्यांनाही आजार होतो.

तिसरी पायरी : टोचण्याचा दिवस

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचे पूर्ण होईपर्यंत. 'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' अशी जी नावे दवाखान्यात ऐकू येतात, ती पार्व्हो (रक्ताच्या जुलाबांचा जीवघेणा रोग), डिस्टेंपर (ताप, खोकला आणि झटके आणणारा रोग), यकृताचा संसर्गजन्य आजार, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग) वगैरे अनेक रोगांच्या एकत्र लशींची असतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. एकाच लसीचे इतके डोस का, तर आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण पिल्लाला जपते, आणि तेच लसीलाही निकामी करते. ते कोणत्या पिल्लात कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून सोळा आठवड्यांनंतरचा शेवटचा डोस चुकवू नये. "दोन झाले, आता बास" म्हणून थांबलेल्या घरांतली पिल्ले पार्व्होने गेलेली मी पाहिली आहेत आणि ते दुःख टाळता येण्यासारखे होते, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते.

लस सकाळी टोचून घ्यावी. संध्याकाळी कामावरून येताना साडेआठला टोचले, तर काही व्हायचे असल्यास ते रात्री, दवाखाना बंद झाल्यावर आणि घर झोपल्यावर होते. सकाळी दहाला टोचले, तर पुढचे आठ-दहा तास आपण जागे असतो. घरात कोणीतरी दिवसभर असेल असा वार निवडावा. आदल्या दिवसापासून ताप, जुलाब, खोकला असेल किंवा पिल्लू जेवले नसेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. बहुतेक वेळा ते लस पुढे ढकलतात.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापली तर निकामी होतेच, गोठली तरीही खराब होऊ शकते. म्हणून औषधाच्या दुकानातून लस विकत घेऊन, पिशवीत टाकून, उन्हातून गावाकडे नेणे आणि ओळखीच्या माणसाकडून टोचून घेणे हा मार्ग मला अजिबात मान्य नाही. त्या लसीने प्रतिक्रिया आली नाही, तरी संरक्षणही आलेले नसते, आणि प्रतिक्रिया आलीच तर सावरायला तेथे कोणी नसते. टोचल्यावर बाटलीवरचे लेबल पिल्लाच्या कार्डावर चिकटवून घ्यावे. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. टोचल्याची वेळ आणि जागा, म्हणजे मानगूट की मांडी, आपण त्याच्या खाली लिहावी.

आणि मग अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. ही गोष्ट मी एका पावसाळ्यात शिकले. तांबू नावाचे तांबूस रंगाचे गावठी पिल्लू होते, दहा-अकरा आठवड्यांचे, दुसरा डोस. पाऊस वाढत होता म्हणून मी दहा मिनिटांत निघाले. पोवई नाक्यापर्यंत येईतो ती माझ्या मांडीवर तोंड घासू लागली. आधी वाटले, ओली झाली आहे म्हणून पुसते आहे. ओढणी बाजूला करून पाहिले, तर वरचा ओठ जाड झाला होता, डोळे फटीएवढे उरले होते आणि पोटावरच्या केस नसलेल्या कातडीवर माणसाला पित्त उठते तशा गांधी उठल्या होत्या. रिक्षा तशीच मागे वळवली. दोन इंजेक्शने दिल्यावर तासाभरात खाज थांबली आणि संध्याकाळी सूज उतरली. आम्ही शहरात होतो म्हणून हे पंधरा मिनिटांत निभावले. मेढ्याच्या रस्त्याला लागलो असतो तर काय, हा विचार त्यानंतर कितीतरी रात्री माझ्या मनात येत राहिला.

चौथी पायरी : पहिले ४८ तास

लस ही शरीराला रोगाची ओळख करून देते आणि ती ओळख होताना शरीर थोडे तापते, थकते. त्याच दिवशी संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू जास्त झोपणे, खेळायला न उठणे, अर्धेच जेवणे, अंग किंचित कोमट लागणे, टोचलेल्या जागी हात लावला की कण्हणे, मांडीत टोचले असल्यास थोडे लंगडणे, हे सारे सामान्य आहे आणि एक-दोन दिवसांत आपोआप जाते. नाकात थेंब टाकायची खोकल्याची लस दिली असेल, तर काही दिवस शिंका येऊ शकतात. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीनंतर तीन दिवसांत प्रतिक्रिया नोंदली गेलेली कुत्री दर दहा हजारांत सुमारे ३८ निघाली. लहान वजनाच्या कुत्र्यांत, तसेच एकाच भेटीत जास्त लशी दिलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण अधिक होते. म्हणून पॉमेरियन, पग, डॅशहंड अशी छोटी पिल्ले असणाऱ्यांनी रेबीज आणि एकत्रित लस वेगवेगळ्या दिवशी देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

या दोन दिवसांत पिल्लाला शांत कोपरा, अंथरूण आणि पाणी द्यावे. नेहमीचेच अन्न थोडे थोडे, कोमट करून द्यावे. नवा पदार्थ सुरू करू नये, नाहीतर जुलाब झाल्यास पुन्हा कारणाचा घोळ होतो. आंघोळ निदान दोन-तीन दिवस टाळावी. इतर कुत्र्यांत सोडू नये, कारण लस टोचताच संरक्षण मिळत नाही, त्याला दिवस लागतात, आणि लहान पिल्लाला तर सगळे डोस होईपर्यंत जपावे लागते. टोचलेली जागा चोळू नये. तेथे हरभऱ्याएवढी घट्ट गाठ काही दिवसांनी लागली तर घाबरू नये. ती बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत विरते. ती महिन्यानंतरही वाढत असेल, गरम आणि दुखरी झाली असेल किंवा फुटून पू येत असेल, तर दाखवावी.

घरातली माणसांची औषधे देऊ नयेत, हे मी येथे ठासून सांगते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. पॅरासिटामॉलही मनाने दिल्यास यकृताला इजा करते. सर्दीच्या गोळ्यांत तर दोन-तीन औषधे एकत्र असतात.

तीन महिन्यांच्या आतले, विशेषतः छोट्या जातीचे पिल्लू बराच वेळ काहीच खात नसेल, तर त्याची साखर उतरू शकते. ते लटपटते, थरथरते, डोळे जड होतात. अशा वेळी बोटाला मध किंवा साखरेचे दाट पाणी लावून हिरड्यांवर चोळावे आणि लगेच दवाखाना गाठावा. पिल्लू बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये.

पाचवी पायरी : वाट पाहायची नाही अशी लक्षणे

घातक प्रतिक्रिया बहुधा लवकर येते: काही मिनिटांत, फार तर एखाद्या तासात. चेहऱ्याची सूज आणि गांधी काही तासांनीही उठू शकतात. ओठ, पापण्या, कानांची मुळे सुजणे आणि अंगाला खाज सुटणे ही पहिली पातळी. एवढेच असले तरी दाखवावे, कारण ती तेथेच थांबेल की पुढे जाईल हे घरी बसून ठरवता येत नाही. पुढची पातळी म्हणजे लागोपाठ उलट्या, अचानक पातळ किंवा रक्ताळ जुलाब, पांढुरक्या हिरड्या, गार पडलेले पाय, धाप, पाय गळून पडणे. माणसाला असा झटका आला की श्वास कोंडतो हे आपल्याला ठाऊक असते. कुत्र्यात मात्र त्याचा पहिला मार यकृतावर आणि आतड्यांवर पडतो, म्हणून लसीनंतर तासाभरात सुरू झालेल्या उलट्या-जुलाबांना "काहीतरी खाल्ले असेल" म्हणून सोडून देऊ नये. अशा पिल्लाला ॲड्रेनालिन, सलाईन आणि इतर इंजेक्शने मिनिटांत मिळावी लागतात.

निघण्यापूर्वी एकाने दवाखान्यात फोन करून "लसीनंतर अमुक मिनिटांनी हे सुरू झाले" एवढेच सांगावे, म्हणजे तेथे तयारी होते. पिल्लाला कुशीवर झोपवावे, मान सरळ ठेवावी, पाणी पाजू नये, कार्ड बरोबर घ्यावे.

सहावी पायरी : खापर लसीवर फोडण्याआधी

टोचून दोन दिवस उलटल्यावर नव्याने सुरू झालेला त्रास बहुधा लसीचा नसतो. सर्वांत जास्त गोंधळ पार्व्होचा होतो. या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, कधी अधिकही जातात. म्हणजे सोमवारी टोचलेल्या पिल्लाला गुरुवारी रक्ताचे, घाण वासाचे जुलाब सुरू झाले, तर विषाणू बहुतेक सोमवारच्या आधीच किंवा त्याच सुमारास शिरलेला असतो आणि लसीला काम करायला वेळच मिळालेला नसतो. घरचे म्हणतात, "लसीनेच झाले", आणि त्या समजुतीत उपचाराचे दोन दिवस जातात. पार्व्होत ते दोन दिवस पिल्लाचा जीव वाचवतात किंवा घेतात.

दुसरा गोंधळ गोचिडापासून होणाऱ्या तापांचा. पिल्लू दोन दिवसांनंतरही तापलेले, हिरड्या फिकट, लघवी गडद, नाकातून रक्त, अशी काही खूण असेल तर रक्त तपासून घ्यावे.

सातवी पायरी : गोचीड आणि पिसवा

आपल्या भागात ही पायरी सर्वांत जपून चढावी लागते, कारण येथे घराशेजारी गोठा आहे आणि गोठ्याच्या फळीवर जनावरांच्या गोचिडाच्या औषधाची बाटली आहे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे गाई-म्हशींसाठी आणि गोठा फवारण्यासाठी तीव्र स्वरूपात येतात, पाण्यात मिसळून वापरायची असतात, आणि अंदाजाने टोपणभर मिसळून पिल्लाला आंघोळ घातली की ते चाटून पोटात जाते. कोरेगावच्या बाजूला मी दिलेल्या एका पिल्लाला गोठ्यातल्या गड्याने मायेपोटी असेच धुतले होते. रात्री मी पोचले तेव्हा त्याचे सगळे अंग थडथडत होते, कान आणि ओठ सारखे फुरफुरत होते आणि हात लावला की ते दचकत होते. डॉक्टरांनी रात्रभर उपचार केले, ते वाचले. त्या माणसाचे रडणे मी विसरलेले नाही. चूक त्याची नव्हती, पिल्लू देताना हे सांगायचे माझे राहिले होते. आता मी ते पहिले सांगते.

असे घडलेच तर पिल्लाला कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने लगेच धुवावे, गार पाण्याने नाही, कारण अंग गार पडले की थरथर वाढते. कोरडे करून उबेत गुंडाळावे आणि औषधाची बाटली घेऊन दवाखान्यात जावे. अमिट्राझने पिल्लू थरथरण्याऐवजी गुंगते, हृदय मंदावते. "शांत झोपले" असे समजून फसू नये. रॉकेल, तंबाखूचे पाणी, फिनेल हे उपाय तर सरळ विष आहेत.

कुत्र्यांसाठी बनवलेल्या औषधांनाही वयाची आणि वजनाची अट असते. ती खोक्यावर छापलेली असते. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब साधारण दोन महिन्यांनंतर चालतात. जागा लाल होणे, खाजणे आणि चाटल्यास लाळ गळणे एवढे दिसू शकते, म्हणून थेंब जीभ पोचणार नाही असे मानगुटीवर, केस बाजूला करून थेट कातडीवर टाकावेत. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले औषध कुत्र्यालाही लावू नये. मांजराचा त्याने जीव जातो. खायच्या गोळ्यांत ॲफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर या गटाची औषधे परिणामकारक आहेत. त्यांनी क्वचित उलटी-जुलाब होतात. या गटामुळे काही कुत्र्यांत थरथर किंवा झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. पिल्लाला पूर्वी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आयव्हरमेक्टिन हे नाव खरजेच्या निमित्ताने गावोगाव ऐकू येते. जनावरांचे इंजेक्शन कुत्र्याच्या मानाने फार तीव्र असते. थेंबाचा फरक पिल्लाला महागात पडतो. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींत, आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांतही, जन्मतःच असा दोष असू शकतो की हे औषध थेट मेंदूत शिरते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, आंधळ्यासारखे धडकणे, झोकांड्या, लाळ, झटके ही त्याची लक्षणे. डॉक्टरांनी तपासून, वजन करून दिल्याशिवाय हे औषध पिल्लाच्या जवळ आणू नये.

आठवी पायरी : प्रतिक्रिया आली, आता पुढचा डोस

एकदा तोंड सुजले म्हणून पुढच्या सगळ्या लशी बंद करणे हा सर्वांत वाईट निर्णय. रेबीज झाला तर त्यावर इलाज नाही, आणि कृष्णेच्या पुराचे पाणी ज्या सांगली-पलूस भागात शिरते किंवा जेथे उसाच्या फडात उंदीर फिरतात, तेथे लेप्टोचे संरक्षणही सोडवत नाही. मागच्या वेळी काय, किती मिनिटांनी, कोणत्या बॅचच्या लसीनंतर झाले, हे कार्डासह डॉक्टरांपुढे ठेवावे. ते दुसऱ्या कंपनीची लस निवडू शकतात, लशी वेगवेगळ्या दिवशी विभागू शकतात, टोचण्याआधी ॲलर्जी रोखणारे इंजेक्शन देऊ शकतात आणि पिल्लाला तासभर समोर बसवून ठेवू शकतात. खरोखर जीवघेणा झटका येऊन गेला असेल, तर कोणती लस द्यायची आणि कोणती टाळायची हे त्यांनाच ठरवू द्यावे. फोटो काढून ठेवावा. दवाखान्यात पोचेपर्यंत सूज कमी झालेली असू शकते.

तांबूच्या कार्डाच्या मागच्या पानावर मी तेव्हा लिहिले होते: "दुसरा डोस, सकाळी १०.४०, मानगुटीत. ११.०५ ओठ व डोळे सुजले, पोटावर गांधी. उलटी नाही, हिरड्या गुलाबी. ११.२० दोन इंजेक्शने. सायंकाळी ६ ला जेवली." तिसऱ्या डोसच्या दिवशी डॉक्टरांनी ते वाचले, आधी एक इंजेक्शन दिले, वीस मिनिटांनी लस टोचली आणि आम्ही तासभर बाकावर बसून राहिलो. मी दर दहा मिनिटांनी तिचा ओठ वर करून पाहत होते. काही झाले नाही. रेबीजची लस तीन आठवड्यांनी, एकटी दिली. आता ती लिंब गावात एका शेतकरी कुटुंबात असते. वार्षिक डोस आला की ते लोक तिला सकाळीच घेऊन येतात, ते कार्ड आधी डॉक्टरांच्या हातात देतात आणि टोचल्यावर न सांगता बाकावर बसतात.